एका रकान्यात दोन तारखा

एकतीस वर्षं दर रविवारी सकाळी पावणेआठला पेंटर आणि त्याची बायको एकत्र घराबाहेर पडत, औषधाच्या दुकानापर्यंत बरोबरीने चालत आणि तिथे, काहीही भांडणतंटा नसताना, वेगळे होत. तो डावीकडे वळे, ती सरळ जाई. साडेदहाला पुन्हा त्याच दुकानापाशी भेट होई. आधी पोचेल त्याने थांबायचं असा नियम होता, आणि बहुतेक वेळा तोच थांबे, कारण तिच्याकडचा उपासनेतला संदेश लांबायचा.

"आमची मंडळी त्यांच्या मंडळीत गेलीय," असं तो वाटेत भेटणाऱ्यांना सांगे. या एका विनोदावर त्याने तीन दशकं काढली होती.

तो डावीकडे जाई ती घंटेवाली मंडळी. दगडी इमारत, वर खरोखरची घंटा, आणि आत अशी लाकडी बाकं, की बसल्या बसल्या माणसाच्या कण्याला आपलं वय कळावं. तिथे तान्ह्या बाळांच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत. ती सरळ जाई ती हॉलवाली मंडळी, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गच्चीवर सिमेंटचा हौद. माणूस कळता झाला आणि स्वतःच्या तोंडाने हो म्हणाला, की त्याला त्या हौदात पार डोक्यापर्यंत बुडवून बाप्तिस्मा होई. बाकी देव एक, शास्त्र एक, प्रार्थनासुद्धा जवळपास त्याच. पण या पाण्यावरून दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे जरा तिरकंच बघत.

पेंटर पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. हाताने. छापील फलकांनी त्याचा धंदा खाल्ला तरी फाटकावरची नावं, गाड्यांचे नंबर आणि भिंतीवरच्या सूचना अजून त्याच्याकडे येत. बायको सरकारी दवाखान्यात प्रसूती वॉर्डात नर्स होती. सगळा रस्ता तिला सिस्टर म्हणे, कारण रस्त्यावरची निम्मी पोरं तिच्याच हातून जगात आली होती. एकदोनदा पाहुण्यांसमोर पेंटरच्या तोंडूनही 'सिस्टर' निघून गेलं होतं आणि मग पुढे अर्धा तास खुलासे करत बसावं लागलं होतं.

त्यांची ओळखही पाटीवरूनच झाली. तो शिडीवर चढून वॉर्डाच्या भिंतीवर 'शांतता राखा' रंगवत होता. खालून जाणारी एक नर्स थांबली आणि म्हणाली, "तुमचं टिंब घसरलंय." त्याने मान वाकडी करून पाहिलं. 'शा'वर बसायचं टिंब 'त'वर जाऊन बसलं होतं. तो उतरला, फडक्याने पुसलं, पुन्हा चढला, आणि चुकून पुन्हा तिथेच टेकवलं. तिसऱ्यांदा तिने शिडी धरली. वर्षभरात लग्न झालं. कुणी कुणाची मंडळी सोडायची नाही, एवढंच ठरलं. पेंटरच्या आईला ते शेवटपर्यंत रुचलं नाही, पण म्हातारी तोंडाने बोलत नसे. करून मोकळी होई.

आता दोन्ही मंडळ्यांचे दिवस वाईट आले होते. घंटेवाल्यांकडे रविवारी चाळीसेक डोकी जमत आणि त्यांतली तीस पांढरी असत. हॉलवाल्यांना टायरवाल्याने जागा रिकामी करायला सांगितलं होतं. दोन्हीकडची तरुण जोडपी बायपासपलीकडच्या नव्या वसाहतीत राहायला गेली होती. त्याच वसाहतीच्या कडेला बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याचं एक गोदाम मोकळं होतं. घंटेवाल्यांचे पाळकसाहेब सत्तरीचे, हॉलवाल्यांचे पास्टर पस्तिशीचे. दोघे एकदा चहाला बसले आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली: दोघांनी मिळून एक व्हावं आणि त्या गोदामात नव्याने सुरुवात करावी. मग एकीकरण समिती झाली. घंटेवाल्यांचे एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, ते तिचे अध्यक्ष झाले.

बातमी कळली त्या दिवशी पेंटरला आनंद व्हायला हवा होता. शेजारी त्याला तसं म्हणालेही, "चला, आता जोडीने बसाल." तो हसला. पण आत काय वाटलं ते त्याचं त्यालाच कळेना. बरं वाटत होतं म्हणावं तर छातीत कसंतरी होत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणावं तर कारण सापडत नव्हतं. घरी येऊन त्याने बायकोला विचारलं, "तुला कसं वाटतं?"

"बघू या की," ती म्हणाली आणि कुकरच्या शिट्या मोजू लागली.

समितीच्या दुसऱ्याच बैठकीत हेडसरांनी नोंदवहीचा विषय काढला. एक मंडळी म्हणजे एक नोंदवही. दोन्हीकडच्या जुन्या वह्यांतले जिवंत सभासद शोधायचे, जन्म, बाप्तिस्मा, विवाह यांच्या तारखा एकत्र करायच्या आणि नव्या वहीत सुवाच्य लिहायच्या. हॉलवाल्यांची वही चौदा वर्षं सिस्टरच ठेवत होती. आणि अख्ख्या गावात पेंटरसारखं अक्षर कुणाचं नव्हतं.

"सिस्टर वाचतील, पेंटर लिहितील," हेडसर म्हणाले. "नवरा-बायको एकाच घरात. वेगळी बैठक बोलवायला नको."

सगळे हसले. पेंटरला मात्र हसू आलं नाही.

कारण घंटेवाल्यांच्या वहीत एकोणतीस वर्षांपूर्वीची एक नोंद होती, जी त्याच्या बायकोला ठाऊक नव्हती. त्यांची एकुलती एक लेक तेव्हा तीन महिन्यांची होती. बाळंतपणाची रजा संपून सिस्टर नुकतीच कामावर रुजू झाली होती. पोरीला खोकला झाला, छातीत घरघर वाजू लागली. सिस्टर म्हणाली, साधा खोकला आहे, मी रोज असे दहा बघते. पण पेंटरच्या आईने डोळ्याला डोळा लावला नाही. "पोर अशीच गेली तर?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बुधवारी दुपारी सून पाळीवर गेली आणि म्हातारीने नात कुशीत घेऊन चपला घातल्या. पेंटरने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. टॉवेल मात्र उचलला. पाळकसाहेब तेव्हा चाळिशीत होते. घंटा वाजवणारा म्हातारा साक्षीला उभा राहिला. पाच मिनिटांत सगळं उरकलं. पोरगी रडलीसुद्धा नाही.

संध्याकाळी सांगू, असं पेंटरने ठरवलं होतं. मग रविवारी सांगू. मग पोरीचा खोकला बरा झाल्यावर सांगू. मग आई असेपर्यंत नको, उगाच दोघींत ठिणगी पडेल. आई गेली तोवर सांगण्याची वेळ इतकी उलटून गेली होती, की आता सांगणं हीच मोठी चूक वाटावी. बारा वर्षांपूर्वी लेक सतरा वर्षांची असताना स्वतःच्या मर्जीने हॉलवाल्यांच्या हौदात उतरली. तो पहिल्या रांगेत उभा होता. ती पाण्यातून वर आली, केस चेहऱ्याला चिकटलेले, हसत होती, आणि सगळे टाळ्या वाजवत होते. पेंटरही वाजवत होता आणि मनात म्हणत होता, हे दुसऱ्यांदा चाललंय. त्याच्या मंडळीच्या शिकवणीप्रमाणे दुसऱ्यांदा करणं चूक. तिच्या मंडळीच्या शिकवणीप्रमाणे पहिलं झालंच नव्हतं. म्हणजे लेकीचा बाप्तिस्मा एकदा झाला, दोनदा झाला, की दोन्ही मिळून कुणीतरी खोटं ठरलं, हे त्याला तेव्हाही उमगलं नाही आणि आताही उमगत नव्हतं.

वह्या घरी आल्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोघं रोज संध्याकाळी बसू लागली. पेंटरने पहिल्याच दिवशी सुचवून पाहिलं, "आमची वही मीच वाचतो ना. आमच्या जुन्या पाळकांचं अक्षर तुला लागायचं नाही."

"आणि लिहिणार कोण? मी डॉक्टरांची अक्षरं वाचते, मला सगळं लागतं."

ती वॉर्डात नोंदी वाचतात तशी भरभर वाचत जाई. नाव, आईबापाचं नाव, बापाचा धंदा, तारीख, साक्षीदार. वारलेल्यांवर काट मारी, गाव सोडून गेलेल्यांपुढे प्रश्नचिन्ह. पेंटर टाकाने लिहीत जाई. हात त्याचा स्थिर होता, कारण हात कधीच त्याच्या मनाचं ऐकत नसे. पण त्याचं लक्ष जुन्या वहीच्या कडेला होतं. ते पान किती जाडीवर आहे, हे त्याने चोरून पाहून ठेवलं होतं. ते फाडावं असं त्याच्या मनात आलं, आणि आपल्याला ते जमणार नाही हेही त्याच क्षणी कळलं. सांगून टाकावं, असं रोज हात धुताना ठरे आणि टेबलापाशी येईतो मोडे.

चौथ्या संध्याकाळी ते पान आलं. तिने लेकीचं नाव वाचलं. मग थांबली. त्याने मान वर केली नाही. मग ती त्याच आवाजात पुढे वाचू लागली. वडिलांचं नाव. धंदा, पेंटर. आईचं नाव. स्वतःचं नाव तिने एखाद्या परक्या बाईचं वाचावं तसं वाचलं. तारीख. साक्षीदार, मुलीची आजी आणि घंटावाला.

"लिहा," ती म्हणाली.

त्याने लिहिलं.

"त्या दिवशी मी दुपारच्या पाळीला होते," ती वहीकडे बघत म्हणाली. "आले तेव्हा पोरीची टोपी दमट होती. मला वाटलं, आईंनी खोकल्यात आंघोळ घातली. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नव्हते."

पेंटरने टाक दौतीत बुडवला, काढला, पुन्हा बुडवला.

"पुढचं नाव," ती म्हणाली आणि वाचायला लागली.

तिने आदळआपट केली असती तर त्याला बरं वाटलं असतं. अबोला धरला असता तरी काय ते कळलं असतं. पण ती नेहमीसारखीच वागत होती. डबा भरून देत होती, गॅस संपत आलाय म्हणत होती, त्याच्या खोकल्यावर दोन गोळ्या काढून ठेवत होती. एरवी ती अशी वागली की सगळं ठीक आहे असं तो समजे. आता तेच पाहून त्याची पाचावर धारण बसे. दोन दिवसांनी न राहवून त्याने विचारलं, "तू रागावलीस का?"

"कशावर?"

"ते... पाण्याचं."

"पाण्याचं काय? आमच्याकडे त्याला बाप्तिस्मा म्हणतच नाहीत. पोराचं डोकं ओलं झालं, एवढंच."

"मग?"

"मग काही नाही."

तो आपल्या पाट्यांच्या दुकानात जाऊन बसला. समोर एका शाळेची पाटी होती. 'प्रवेश' लिहायचं होतं. 'प्र' काढून तो तासभर नुसताच बसून राहिला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात बँकेत नोकरीला होती. त्याने तिला सगळं सांगून टाकलं. अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला दोन्ही चालतील, बाबा. पण हे सगळं करताना कुणी कुणाला विचारतं का?" हे ती आजीबद्दल बोलली, त्याच्याबद्दल, की समितीबद्दल, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तिने जेवलात का विचारलं आणि फोन ठेवला.

त्या रविवारी पावणेआठला दोघं निघाली. औषधाच्या दुकानापाशी आली आणि सिस्टर डावीकडे वळली. काही बोलली नाही, मागे पाहिलं नाही, सरळ घंटेवाल्यांच्या रस्त्याला लागली. पेंटर कोपऱ्यावर उभा राहिला. तिच्या मागोमाग जावं, तर तिला एकटीला जायचं असेल. घरी परतावं, तर उपासना चुकवल्याचा बोभाटा होईल. दुकानदार आतून बघत होता. शेवटी पाय हलवायचे म्हणून त्याने हलवले आणि तो सरळ गेला. टायरच्या दुकानाचा जिना चढून वर.

तिथे त्याला पाहून हॉलमध्ये एकदम चैतन्य आलं. सगळ्यांना वाटलं, घंटेवाल्यांनी माणूस पाठवलाय. पास्टर स्वतः पुढे आले, त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि गीतं झाल्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं. पेंटरने आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. तो उभा राहिला, म्हणाला, "सगळं बरं होईल," आणि बसला. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या बाईने येऊन त्याचे दोन्ही हात धरले. तो घामाघूम झाला होता आणि आपण काय कबूल करून बसलो, याचा त्याला पत्ता नव्हता.

साडेदहाला त्या दिवशी सिस्टर आधी येऊन थांबली होती.

"तुमच्या पाळकसाहेबांनी ते पाण्याचं भांडं दाखवलं," ती चालता चालता म्हणाली. "मला वाटलं होतं, केवढं तरी मोठं असेल. माझ्या तळहाताएवढं आहे."

"हो. लहानच आहे."

"टॉवेल कुठला नेला होता?"

"पिवळा. बदकांचा."

"मी तो किती शोधला होता."

"ओला होता. आईने तिच्या पेटीत ठेवला. मग तिथेच राहिला."

बरंच अंतर दोघं चालली. मग ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणून तर विचारलं नाही."

"हो. तेच." घराचं कुलूप तिनेच काढलं. आत गेल्यावर पर्स ठेवत म्हणाली, "आणि असे आणखी दहा आहेत."

पेंटरला वाटलं, ती टॉवेलबद्दल बोलतेय. पण ती वहीबद्दल बोलत होती. तिने सगळ्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या. घंटेवाल्यांकडे तान्हेपणी आणि हॉलवाल्यांकडे मोठेपणी, असे दोन-दोन तारखांचे अकरा सभासद निघाले होते. कुणाच्या आजीने नेलं होतं, कुणाच्या आत्याने, कुणाच्या बापाने एकट्याने. रस्त्यावरची कितीतरी घरं अशीच इकडची-तिकडची होती.

"अकरातले एक आमचे पास्टर," ती म्हणाली.

समितीच्या पुढच्या बैठकीत तिने ती यादी टेबलावर ठेवली. घंटेवाल्यांच्या मागच्या खोलीत बैठक होती, पंखा करकरत होता. पास्टरांनी यादी वाचली, स्वतःच्या नावापाशी आले आणि कागद पुन्हा वाचला. मग माफी मागून फोन घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा शाळेतून घरी पाठवलेल्या मुलासारखा झाला होता.

"आई म्हणते, हो," ते म्हणाले. "म्हणते, त्यात काय सांगायचं."

पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मीच दिला असणार. मला आठवत नाही."

हेडसरांनी विषय पुढे नेला. नव्या वहीत बाप्तिस्म्याच्या तारखेचा रकाना एकच होता. या अकरा जणांपुढे कुठली तारीख लिहायची? इथून जे सुरू झालं ते दोन तास चाललं. घंटेवाले म्हणाले, बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. दुसरी तारीख लिहिली की पहिली खोटी ठरते. हॉलवाले म्हणाले, पहिली लिहिली तर आम्ही एवढ्या जणांना हौदात काय पोहायला उतरवलं होतं का? कुणी म्हणालं, दोन रकाने करा. मग डावीकडे कुठला आणि उजवीकडे कुठला, यावर अडलं. पाळकसाहेब आणि पास्टर दोघेही मवाळ बोलत होते आणि दोघेही तसूभर हलत नव्हते. पेंटर एकाचं ऐके तेव्हा त्याला तो पटे, दुसऱ्याचं ऐके तेव्हा दुसरा. दोघेही बरोबर कसे असू शकतात, असं त्याला वाटे. आणि चूक म्हणावं, तर त्यांतला एकही चुकीचं बोलत नव्हता.

"पेंटर, तुम्ही सध्या काय लिहिलंय?" हेडसरांनी एकदम विचारलं.

सगळे त्याच्याकडे वळले. "दोन्ही," तो म्हणाला. "एकाखाली एक. बारीक अक्षरात. जागा होती."

कुणीतरी हसलं, पण बाकीचे हसले नाहीत. हेडसरांनी वही मागवून घेतली, ते पान सगळ्यांतून फिरलं. अक्षर सुंदर आहे, याबद्दल मात्र एकमत झालं. काहीही न ठरता बैठक संपली आणि मतदानाची तारीख तेवढी पक्की झाली.

मतदान एकाच रविवारी, दोन्हीकडे, आपापल्या उपासनेनंतर. प्रत्येक मंडळीत दोन-तृतीयांश 'हो' पडले तरच एकीकरण होणार होतं. घंटेवाल्यांकडे बेचाळीस जण हजर होते. चिठ्ठ्या वाटल्या. पेंटरने पेन्सिल हातात घेतली. 'हो' लिहावं, असं आलं मनात. मग वाटलं, हे मी मंडळीसाठी लिहितोय, की बायकोने माफ करावं म्हणून? 'नाही' लिहावं म्हटलं, तर आईच डोळ्यांपुढे उभी राहिली, चपला घातलेली. आयुष्यभर लोकांनी सांगितलेली अक्षरं त्याने भिंतीभिंतींवर काढली होती. स्वतःचं एक अक्षर काढायचं तर पेन्सिल कागदावर टेकेना. टोपली समोर आली. त्याने चिठ्ठीची घडी घातली आणि तशीच टाकली.

हेडसरांनी मोजून सांगितलं. 'हो' सत्तावीस, 'नाही' चौदा. अठ्ठावीस हवे होते. "आणि एक चिठ्ठी कोरी निघाली आहे," ते म्हणाले.

बाकांवर कुजबुज झाली. शेजारचा म्हणाला, "कोण हा शहाणा?" आणि पेंटर, स्वतःच्याच कानांवर विश्वास बसू नये असं, म्हणाला, "कोण असेल बुवा."

औषधाच्या दुकानापाशी तो आधी येऊन उभा राहिला. सिस्टर दुरून येताना दिसली. हॉलवाल्यांकडे 'हो' भरपूर पडले होते, ती बातमी तिच्याआधीच पोचली होती. ती जवळ आली आणि काही विचारायच्या आत तो म्हणाला, "कोरी चिठ्ठी माझी होती. एका मताने गेलं ते माझ्यामुळे गेलं."

तिने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मी 'नाही' लिहिलं," ती म्हणाली.

"तू?"

"हो."

"पण मग... का?"

ती दुकानाच्या पायरीवर बसली. भर रस्त्यात ती अशी कधी बसत नसे. "आठवडाभर मी सगळ्यांची सिस्टर असते. घरी तुमची बायको, फोनवर आई. तिथे वर जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, की दोन तास मी कुणाचीच नसते. तुम्ही शेजारी असाल तर मी तुमच्या शर्टाची कॉलर नीट करत बसेन."

याचं वाईट वाटून घ्यावं की नाही, हे पेंटरला ठरवता येईना. एकोणतीस वर्षं आपण तिच्यापासून काहीतरी लपवतोय, म्हणून तो जीव मुठीत धरून होता. तिच्याजवळही असं काही असेल, असा विचार त्याला कधी शिवला नव्हता. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. दुकानदाराने आतून विचारलं, "काय हवंय?" दोघांनी एकदमच "काही नाही" म्हटलं.

एकीकरण असं फिसकटलं. पण बायपासपलीकडच्या जोडप्यांना हा घोळ पुरता कळलाच नाही, किंवा कळून त्यांनी कानाआड केला. दोन्ही मंडळ्यांतली मिळून अकरा-बारा घरं पुढच्याच महिन्यात त्या गोदामात दुपारी जमू लागली. कुणी ठराव केला नाही, कुणाची परवानगी काढली नाही. पास्टर दर आठवड्याला जात, पाळकसाहेब महिन्यातून एकदा. टायरवाल्यानेही वर्षभर थांबतो म्हटलं. दोन मंडळ्यांची एक करायला निघाले होते, त्या तीन झाल्या. हेडसर हे सांगताना दरवेळी बोटांवर मोजून बघत.

पेंटर आणि सिस्टर एका रविवारी दुपारी बस पकडून तिकडे गेली, नुसतं बघून येऊ म्हणून. गोदामाच्या भिंतींत अजून बिस्किटांचा गोड वास मुरलेला होता. काही हॉलवाल्यांच्या खुर्च्या, काही घंटेवाल्यांची बाकं, उरलेले लोक खोक्यांवर. दोघांना शेजारी शेजारी जागा मिळाली नाही. ती पुढे बसली, तो मागे खांबापाशी. गीत सुरू झालं, दोन्हीकडे म्हणतात तेच. शब्द तेच, पण चाली वेगळ्या. हॉलवाले टाळ्यांवर भराभर पुढे निघाले आणि घंटेवाले एकेक शब्द धरून सावकाश येत राहिले. पहिलं कडवं हॉलवाल्यांचं संपलं, तेव्हा घंटेवाल्यांच्या दोन ओळी उरल्या होत्या. हॉलवाले थांबले. कुणी हसलं नाही. घंटेवाले पोचले, मग सगळ्यांनी मिळून दुसरं कडवं धरलं आणि पुन्हा तेच झालं.

पेंटरला दोन्ही चाली येत होत्या असं नाही. त्याने तोंड उघडं ठेवलं आणि जे शब्द जवळून जात होते ते म्हणत राहिला.

बाहेर पडताना एका तरुण बाईने वही पुढे केली. "नाव लिहाल? आणि कुठल्या मंडळीचे, तेही."

त्याने नाव लिहिलं. पुढचा रकाना बघत तो बराच वेळ उभा राहिला. मागे रांग लागली. सिस्टर म्हणाली, "अहो, बस चुकेल." त्याने वही तिच्याकडे दिली. तिने तिचं नाव लिहिलं, रकाना तिनेही सोडला, आणि दोघं भराभर थांब्याकडे चालू लागली.

बस चुकलीच. पुढची येईपर्यंत दोघं बाकावर बसून राहिली आणि पुढच्या रविवारी इकडे यायचं की नाही, यावर बोलत राहिली. त्यातलं काही ठरलं नाही.